सीडी४ दोनशेच्या खाली: पहिल्या दिवशी काय तपासायचं, काय आधी द्यायचं

सह्यगिरी (धागाकर्ता)

एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, औषधं मोफत आहेत, डोल्युटेग्रॅव्हिर असलेली एकत्रित गोळी दिवसातून एकदाच घ्यायची आहे. तरीही एचआयव्हीचे रुग्ण दगावतात, आणि त्यातले बरेच जण उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच. कारण सहसा टीबी, क्रिप्टोकॉकल (क्रिप्टोकॉकस या बुरशीचा) मेंदूज्वर किंवा जिवाणूंचा गंभीर संसर्ग. यातल्या पहिल्या दोन आजारांचा सुगावा अर्ध्या तासात पट्टीवर लागू शकतो. तो लावलाच जात नाही, याची फार चुटपुट लागते, म्हणून हा धागा. वॉर्ड, लॅब, औषधपेढी आणि समुपदेशन इथे काम करणाऱ्यांनी भर घालावी. डोस वाचून कुणी स्वतःहून औषध सुरू करू नये, हे सांगायला नकोच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ॲडव्हान्स्ड एचआयव्हीची व्याख्या केली: ५ वर्षांवरच्या कुणाचाही सीडी४ (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिकारपेशींची संख्या) २००पेक्षा कमी, किंवा तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचा आजार. ५ वर्षांखालची मुलं, ज्यांचे उपचार चालू होऊन स्थिरावलेले नाहीत, ती सगळीच यात येतात.

आपल्याकडे २०१७पासून सीडी४ किती आहे हे न पाहता सर्वांना उपचार सुरू होतात. धोरण योग्यच आहे. पण त्यामुळे सीडी४ तपासणी दुय्यम ठरली. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) औषध लागू पडतंय का ते सांगतो. या माणसाला येत्या महिन्यात मेंदूज्वर होण्याचा धोका किती, ते फक्त सीडी४ सांगतो. नव्याने निदान झालेला, औषध सोडून परत आलेला, औषध चालू असून व्हायरल लोड चढलेला आणि वॉर्डात भरती झालेला, या चौघांचा सीडी४ झालाच पाहिजे. औषध सोडून परत आलेल्यांकडे विशेष लक्ष हवं. ते 'जुने रुग्ण' म्हणून थेट गोळ्यांच्या खिडकीकडे पाठवले जातात आणि तपासण्या राहून जातात. चालत आलेल्या, बऱ्या दिसणाऱ्या माणसाचा सीडी४सुद्धा ६० असू शकतो.

सीडी४ २००खाली आला की त्याच दिवशी:

लघवीची लॅम पट्टी (ओपीडीत लक्षणं नसतील तर सीडी४ १००खाली असताना). लायपोअरॅबिनोमॅनन हा टीबीच्या जंतूच्या भिंतीतला घटक. टीबी रक्तातून पसरून मूत्रपिंडापर्यंत पोचला की तो लघवीत उतरतो. म्हणूनच प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली तितकी ही तपासणी जास्त उपयोगी, आणि ज्यांना खाकरा काढताच येत नाही त्यांच्यासाठी तर फारच मोलाची.

रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेन पट्टी, म्हणजे क्रॅग. सीडी४ १००खाली असेल तर करायचीच, २००पर्यंत केलेली बरी. युगांडातल्या एका अभ्यासात लक्षणं दिसायच्या सरासरी २२ दिवस आधी हा अँटिजेन रक्तात सापडला होता. आपल्याला काही करता येतं ते याच तीन आठवड्यांत.

हे नुसतं तर्काने चांगलं वाटतं म्हणून सांगत नाही. टांझानिया आणि झांबियात झालेल्या रेमस्टार्ट अभ्यासात (२०१५) सीडी४ २००खालच्या रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला क्रॅग तपासणी आणि पहिल्या काही आठवड्यांत आरोग्यसेवकाच्या घरभेटी. वर्षभरातले मृत्यू १८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. नवं औषध एकही नव्हतं. भरती रुग्णांमध्ये लॅमवर झालेल्या चार देशांतल्या चाचणीत (२०१६) आठ आठवड्यांतले मृत्यू २५ टक्क्यांऐवजी २१ टक्के होते.

तिसरी गोष्ट कोट्रायमोक्झॅझोल, रोज ९६० मिलीग्रॅम, म्हणजे डीएसची एक गोळी. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (एका बुरशीचा), टोक्सोप्लाझ्मा (मेंदूवर हल्ला करणारा परजीवी) आणि बऱ्याच जिवाणूंपासून ही एकच स्वस्त गोळी वाचवते. चौथी, टीबी नाही याची खात्री झाल्यावर टीबी प्रतिबंधक उपचार.

आणि एक सापळा. कुठल्याही परिस्थितीत एआरटी आजच्या आज सुरू करायची, असा आग्रह अनेकदा दिसतो. एरवी तो बरोबरच आहे. पण डोकेदुखी, मान आखडणे, गोंधळलेपणा, दोन-दोन दिसणे यांपैकी काही असेल तर मेंदूज्वर नाही हे ठरेपर्यंत थांबायचं. कारणं पुढे चर्चेत येतीलच.

---

ओपीडी_३

उत्तम धागा. बाह्यरुग्ण विभागात लॅम नक्की कुणाला करायची यावर आमच्याकडे रोज वाद होतो. किट मोजकीच येतात. खोकला नसलेल्यालाही करायची का?

---

सह्यगिरी

@ओपीडी_३, भरती रुग्ण असेल तर सोपं आहे: टीबीची लक्षणं असतील तर करायचीच; नसली तरी सीडी४ २००खाली असेल किंवा प्रकृती गंभीर असेल तर करायची. ओपीडीत लक्षणं असतील किंवा प्रकृती गंभीर असेल तर सीडी४ कितीही असो, करायची. लक्षणं नसतील तर सीडी४ १००खाली असताना करायची.

'गंभीर' कोण ते डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा जास्त, नाडी १२० किंवा जास्त, किंवा आधाराशिवाय चालता न येणे. यातलं एकही असलं तरी तो गंभीर. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. १५ सेकंद मोजून चौपट केली की २६चे २८ आणि ३२चे २८ सहज होतात.

आणि खोकल्यावर अडून बसू नका. या रुग्णांत टीबी फुप्फुसाबाहेर जास्त असतो. वजन घटणं, रात्रीचा घाम आणि बरेच दिवसांचा ताप हीसुद्धा लक्षणंच आहेत.

---

सूक्ष्मदर्शी

लॅबच्या बाजूने लिहितो. पट्टी सोपी असते म्हणूनच चुका जास्त होतात.

लॅम: लघवी ताजी, निर्जंतुक डबीत. शौचाचा किंवा मातीचा अंश लागला तर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे आजारी रुग्णाच्या बेडपॅनमधून काढलेली लघवी नको. खोलीच्या तापमानाला नमुना ८ तास टिकतो. लगेच करायची नसेल तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, तीन दिवस चालतो. फ्रिजमधून काढलेला नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. पट्ट्यांचं कार्ड दहाचं असतं. पट्ट्या उजवीकडून फाडायच्या, कारण लॉट नंबर डावीकडे छापलेला असतो आणि तो शेवटपर्यंत राहिला पाहिजे. फॉइल आयत्या वेळीच काढायचं.

६० मायक्रोलिटर लघवी पिपेटने मोजून पांढऱ्या पॅडवर सोडायची. ड्रॉपरने अंदाजे थेंब नको. मग २५ मिनिटांचा टायमर. २५च्या आधी वाचलं तर फिकट रेघ निसटते, ३५नंतर वाचलं तर वाळलेल्या पट्टीवर खोटी रेघ भासते. दुपारच्या गर्दीत पट्टी टेबलावर पडून राहते आणि तासाभराने कुणीतरी 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळं होतं, हे सर्वांत जास्त घडतं. किटसोबतचं रंगाचं कार्ड पट्टीला अगदी खेटून धरायचं, पुरेशा उजेडात. पहिल्या दर्जाच्या रेघेइतकी किंवा त्याहून गडद असेल तर पॉझिटिव्ह. त्याहून फिकट असेल तर निगेटिव्ह. तुटक रेघ असेल तर नव्या पट्टीवर पुन्हा. कंट्रोलची रेघ नसेल तर तपासणी रद्द, मग दुसरी रेघ कितीही ठळक असो.

क्रॅग: छोट्या नळीत आधी डायल्युएंटचा एक थेंब, मग ४० मायक्रोलिटर सीरम किंवा प्लाझ्मा, पट्टी उभी बुडवायची, १० मिनिटं. इथे कितीही फिकट रेघ असली तरी ती पॉझिटिव्ह. लॅमचा नियम इथे लावायचा नाही. हाच गोंधळ नवीन माणसं करतात. लघवी आणि लाळ या तपासणीसाठी वापरू नका.

एक बारकावा: अँटिजेन प्रचंड प्रमाणात असेल तर उलट रेघ फिकट येते किंवा येतच नाही, प्रोझोन होतो. रुग्ण मेंदूज्वराची लक्षणं घेऊन आलाय आणि पट्टी निगेटिव्ह आहे, असं दिसलं की नमुना पातळ करून पुन्हा लावा. पॉझिटिव्ह आलेल्यांचा टायटर (नमुना किती पट पातळ केला तरी पट्टी पॉझिटिव्ह येते तो आकडा) काढता आला तर जरूर काढा. १:१६०पेक्षा जास्त असेल तर आजार मेंदूपर्यंत पोचलेला असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि क्लिनिशियनला ते कळणं गरजेचं आहे.

पूर्वी क्रिप्टोकॉकसचे उपचार झालेल्याची पट्टी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. आजार उलटला का हे त्यावरून ठरत नाही, त्याला पाठीच्या पाण्याचं कल्चर लागतं. म्हणून विनंतीच्या कागदावर 'पूर्वी क्रिप्टो झाला होता का' हा रकाना भरून पाठवा, हात जोडून सांगतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. सीडी४साठी आलेल्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त उरतं. ते फिरवून प्लाझ्मा काढला की क्रॅग त्याच नळीत होते. दक्षिण आफ्रिकेने २०१६पासून देशभर हेच केलं: सीडी४ १००खाली आला की लॅब स्वतःहून क्रॅग करू लागली, वेगळी विनंती, वेगळं रक्त आणि रुग्णाची दुसरी खेप काही लागेना. हे करायला नवं यंत्र लागत नाही, लॅब आणि एआरटी केंद्र यांच्यात एक लेखी ठराव पुरतो.

---

जिज्ञासू

लॅम निगेटिव्ह आली तर? सीडी४ ४०, वजन घटलंय, ताप आहे. अशा रुग्णाला टीबी नाही असं म्हणवत नाही. सरळ टीबीचे उपचार सुरू करून टाकले तर काय बिघडतं?

---

पुनर्वसू

@जिज्ञासू, लॅम निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही असं नाहीच. कोक्रेनच्या २०१९च्या आढाव्यात लक्षणं असलेल्या रुग्णांमध्ये लॅमने टीबीचे ४२ टक्केच रुग्ण पकडले. सीडी४ १०० किंवा कमी असताना ५४ टक्के. म्हणजे जवळपास निम्मे निसटतात. पॉझिटिव्ह असेल तर त्याच दिवशी उपचार सुरू करा, निगेटिव्ह असेल तर शोध चालू ठेवा.

शोध म्हणजे: खाकरा येत असेल तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी), छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी (लसिका गाठी, प्लीहेतले छोटे काळे ठिपके), गाठ असेल तर सुईने काढलेला नमुना. लॅम पॉझिटिव्ह आली तरीही सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसाठी नमुना पाठवायचाच, कारण लॅम रिफॅम्पिसिनला दाद देणारा टीबी आहे की न देणारा, ते सांगत नाही. ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायोचं, बॅटरीवर चालतं, २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. वीज बेभरवशाची असलेल्या तालुक्याच्या ठिकाणी याचा मोठा उपयोग. फक्त लक्षात ठेवा, पहिल्या चिपवर टीबी सापडल्यावर रिफॅम्पिसिनची वेगळी चिप लावावी लागते. ती राहून जाते.

'सरसकट सुरू करून टाकू' याचीही चाचणी झाली आहे. स्टॅटिस, २०२०, कोत दिव्वार, युगांडा, कंबोडिया आणि व्हिएतनाम, सीडी४ १००खालचे हजारभर रुग्ण. एका गटाला सरसकट टीबीचे उपचार, दुसऱ्याला सीबीनॅट, लॅम आणि एक्स-रे करून गरजेप्रमाणे. सरसकट देण्याने मृत्यू कमी झाले नाहीत आणि औषधांचे दुष्परिणाम मात्र वाढले. तेव्हा तपासण्या उपलब्ध असतील तर त्या करून निर्णय घ्या. हातात काहीच नसेल आणि रुग्ण समोर ढासळत असेल, तर अर्थातच थांबू नका.

---

ओपीडी_३

सहमत, फक्त एक जोड. तालुक्याला सोनोग्राफी असते आणि कुणी ती या नजरेने पाहत नाही. विनंतीवर 'ताप' एवढंच लिहिलं तर अहवालात 'फॅटी लिव्हर' येतं. 'एचआयव्ही, सीडी४ ४०, पोटातल्या गाठी व प्लीहा पाहणे' असं लिहिलं की अहवाल बदलतो.

---

वॉर्ड_सिस्टर

क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराच्या औषधाबद्दल मी लिहिते, कारण तयार आम्ही करतो आणि चूक झाली तर ती सलाईनच्या स्टँडवरच होते.

ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध दोन प्रकारचं येतं, साधं आणि लायपोसोमल. साध्याचा डोस दिवसाला किलोमागे १ मिलीग्रॅमच्या आसपास. लायपोसोमलचा एकच मोठा डोस किलोमागे १० मिलीग्रॅम. साधं औषध १० मिलीग्रॅमच्या हिशोबाने गेलं तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. ऑर्डरवर 'ॲम्फो बी ५००' एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. कुपीवर 'लायपोसोमल' हा शब्द दोघींनी वाचायचा, मगच फोडायची.

५० किलोच्या रुग्णाला ५०० मिलीग्रॅम, म्हणजे ५० मिलीग्रॅमच्या दहा कुप्या. प्रत्येक कुपीत १२ मिली इंजेक्शनचं पाणी, ३० सेकंद जोरात हलवायचं, मग मिलीमागे ४ मिलीग्रॅम तयार होतं. किटसोबतच्या ५ मायक्रॉन फिल्टरमधून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. एकूण २५० ते ५०० मिली व्हायला हवं, दोन तासांत जाईल असं. नॉर्मल सलाईनमध्ये कधीही नाही. त्यात औषध फाटतं, गढूळ होतं. त्याच लाईनमधून आधी सलाईन गेलं असेल तर डेक्स्ट्रोजने लाईन धुऊन मगच लावा, किंवा वेगळी सुई घ्या.

त्याच्या आधी एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, दोन तासांत. आपल्याकडची १० मिलीची १५ टक्क्यांची केसीएलची एक ॲम्प्युल म्हणजे बरोबर २०. ती बाटलीत टाकून बाटली उलटसुलट करून नीट मिसळायची, थेट शिरेत कधीच नाही. हे पाणी आधी गेलं की मूत्रपिंड वाचतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन आधी पाहायचं आणि नंतरही. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम द्या, ते वर येत नाही.

थंडी वाजते, ताप येतो. त्यासाठी आधी पॅरासिटॅमॉल आणि वेग कमी करायचा. औषध बंद करायची घाई नको.

---

औषधनिर्माता

सिस्टरांच्या प्रतिसादाला जोडून. एका डोसची ही पद्धत अँबिशन चाचणीतून आली, बोत्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे, २०२२. लायपोसोमलचा एक डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळ्या. दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के, जुन्या पद्धतीत २८.७ टक्के, आणि रक्त कमी होण्यासारखे दुष्परिणाम बरेच कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ती पहिल्या पसंतीची पद्धत म्हणून स्वीकारली.

आता हिशोब. फ्लुसायटोसिन दिवसाला किलोमागे १०० मिलीग्रॅम, चार भागांत. ५० किलोला एका वेळी १२५० मिलीग्रॅम, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या अडीच गोळ्या. मूत्रपिंड बिघडलं की डोस कमी करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी खाली येतात. फ्लुकोनॅझोल १२०० मिलीग्रॅम म्हणजे २०० मिलीग्रॅमच्या सहा गोळ्या. औषधपेढीत बहुतेकदा १५०च असते, मग आठ. चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या लिहा. 'फ्लुकोनॅझोल रोज' एवढं वाचून रुग्णाला १५०ची एकच गोळी दिली जाते, बुरशीच्या खाजेला देतात तशी.

आपल्याकडे फ्लुसायटोसिन सहज मिळत नाही. मागणी आधी नोंदवून ठेवावी लागते. ते मिळालंच नाही तर फक्त एका डोसवर भागवू नका. एका डोसचा पुरावा फ्लुसायटोसिनसोबतचा आहे. त्याविना लायपोसोमल किलोमागे ३ ते ४ मिलीग्रॅम रोज १४ दिवस आणि फ्लुकोनॅझोल १२०० हा पर्याय आहे.

टीबीही असेल तर रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिरची पातळी घसरते. सकाळी एकत्रित गोळी आणि १२ तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर ५०ची वेगळी गोळी, रिफॅम्पिसिन संपल्यावर आणखी दोन आठवडे. ही दुसरी गोळी विसरली जाते, कारण ती वेगळ्या पाकिटात असते. फ्लुकोनॅझोलचीही पातळी रिफॅम्पिसिन कमी करतं. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड यांच्यासोबत डोल्युटेग्रॅव्हिर घ्यायचं नाही. डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं. ॲम्फोटेरिसिन चालू असताना टेनोफोव्हिर (एकत्रित गोळीतलंच एक औषध) म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी भार, हेही लक्षात असू द्या.

---

जिज्ञासू

क्रॅग पॉझिटिव्ह पण काहीच लक्षणं नाहीत. पाठीचं पाणी काढायचंच का? रुग्ण आणि नातेवाईक दोघंही घाबरतात.

---

पुनर्वसू

काढायचंच, शक्य तितकं समजावून. लक्षणं नसलेल्या क्रॅग पॉझिटिव्हमधल्या साधारण तिघांतल्या एकाच्या मेंदूत आजार पोचलेला असतो. पाणी निगेटिव्ह असेल तर फ्लुकोनॅझोल ८०० ते १२०० मिलीग्रॅम दोन आठवडे, मग ४०० ते ८०० आठ आठवडे, मग २०० चालू. पाणी पॉझिटिव्ह असेल तर ॲम्फोटेरिसिन. नुसत्या फ्लुकोनॅझोलने मेंदूज्वर आटोक्यात येत नाही, म्हणून हे वेगळं करणं गरजेचं.

आणि पाणी काढणं हाच अर्धा उपचार आहे. बुरशीमुळे मेंदूतल्या पाण्याचा निचरा तुंबतो, दाब वाढतो, आणि डोकेदुखी, उलट्या, दृष्टी जाणं हे त्यामुळे होतं. रुग्णाला कुशीवर झोपवून, सुई आत गेल्यावर पाय सरळ करायला सांगून दाब मोजायचा. मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक आयव्ही ट्यूब सुईला जोडून उभी धरा, टेपने सेंटिमीटर मोजा. २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर २० ते ३० मिलीपर्यंत पाणी काढून २०खाली किंवा निम्म्यावर आणा. दुसऱ्या दिवशी डोकं पुन्हा दुखलं तर पुन्हा काढा, गरज पडली तर रोज. रुग्ण दर वेळी लगेच बरं वाटलं म्हणतो, आणि पुढच्या खेपेला घाबरणारे नातेवाईक स्वतःहून विचारतात. झटके किंवा एका बाजूची ताकद गेलेली असेल तर आधी सीटी.

दाबासाठी मॅनिटॉल आणि ॲसिटाझोलामाइड देऊ नका. ॲसिटाझोलामाइडची थायलंडमधली चाचणी दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली होती. डेक्सामेथॅसोनही नको. २०१६च्या क्रिप्टोडेक्स चाचणीत त्याने अपंगत्व वाढलं आणि ती अर्ध्यातच बंद केली. टीबीच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड, क्रिप्टोच्या नाही. म्हणूनच दोन्हींत फरक करणारी दहा मिनिटांची पट्टी पाठीच्या पाण्यावर लगेच लावा. इंडिया इंक (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची शाई) एकट्यावर विसंबू नका, ते बरेच रुग्ण सोडतं.

धाग्यात एआरटीचा सापळा म्हटलंय, त्याचे आकडे कोट चाचणीत आहेत, २०१४, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका. क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात एआरटी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. म्हणून ४ ते ६ आठवडे थांबायचं. टीबीचा मेंदूज्वर असेल तर ४ ते ८. मेंदूबाहेरचा टीबी असेल तर मात्र टीबीचं औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत एआरटी.

---

ओपीडी_३

सगळ्यांनाच फ्लुकोनॅझोल देऊन टाकलं तर क्रॅगची गरज काय, असाही एक विचार ऐकू येतो. रिॲलिटी चाचणीत दिलं होतं ना?

---

सह्यगिरी

हो. केनिया, मलावी, युगांडा, झिंबाब्वे, १८०५ रुग्ण, सीडी४ १००खाली. कोट्रायमोक्झॅझोलसोबत आयसोनियाझिड आणि बी६, फ्लुकोनॅझोल १०० मिलीग्रॅम १२ आठवडे, ॲझिथ्रोमायसिन ५०० पाच दिवस, अल्बेंडॅझोल ४००चा एक डोस. २४ आठवड्यांतले मृत्यू १२.२ टक्क्यांवरून ८.९वर आले. फायदा खरा आहे.

पण क्रॅग करता येत असेल तर माझं मत तपासणीच्याच बाजूचं. ज्याच्या रक्तात बुरशी आधीच आहे त्याला रोज १०० मिलीग्रॅम अपुरं पडतं, त्याला आठशे ते बाराशे लागतात. आणि पाठीचं पाणी तपासायला कुणाला पाठवायचं ते पट्टीशिवाय कळत नाही. पट्टी नसलेल्या जागी सरसकट फ्लुकोनॅझोल देणं योग्य, पट्टी असून ती न वापरणं अयोग्य.

---

समुपदेशन_कक्ष

रेमस्टार्टमधल्या घरभेटींवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. रुग्ण सकाळी सीडी४साठी रक्त देतो, एसटी पकडून गावी जातो आणि निकाल दोन-चार दिवसांनी रजिस्टरमध्ये उतरतो. क्रॅग पॉझिटिव्ह आहे हे त्याला कळेपर्यंत पुढची तारीख येते. म्हणून रक्त घेतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: चालू असलेला मोबाइल नंबर, फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, आणि घरी भेट दिली तर चालेल का.

दुसरा मुद्दा कायद्याचाही आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. त्यामुळे फोनवर 'तुमचा रक्ताचा अहवाल आलाय, उद्या या' इतकंच. भेट देणारी व्यक्ती त्याच गावातली नको, शेजारच्या गावातली असली तर जास्त बरं. १०९७ ही मोफत हेल्पलाईन रुग्णाच्या कार्डावर लिहून द्या.

परत आलेल्या रुग्णाला 'इतके दिवस कुठे होता' असं विचारू नये. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेला माणूस हंगाम संपल्यावरच येणार. त्याला जास्त महिन्यांची औषधं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राची चिठ्ठी आधीच देता येते. विचारायचं ते एवढंच: ताप, डोकं, वजन, खोकला, दिसणं.

---

ओपीडी_३

'दिसणं' बरोबर. सीडी४ ५०खाली असेल तर डोळ्याचा पडदा बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्या. सीएमव्ही या विषाणूने पडदा खराब होताना सुरुवातीला दुखत नाही, फक्त तरंगणारे ठिपके दिसतात.

---

वॉर्ड_सिस्टर

न्यूमोसिस्टिससाठी एक सोपी तपासणी विसरू नका. बसलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन ९६ दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. बोटाला ऑक्सिमीटर तसाच ठेवून वॉर्डात एक फेरी चालवा. घसरला तर डॉक्टरांना बोलवा. चालवताना सोबत एक जण आणि ऑक्सिजन जवळ हवा.

---

पुनर्वसू

अगदी. आणि त्यात कोट्रायमोक्झॅझोलचा डोस उपचाराचा, प्रतिबंधाचा नाही: ट्रायमेथोप्रिमच्या हिशोबाने दिवसाला किलोमागे १५ ते २० मिलीग्रॅम, तीन-चार भागांत, २१ दिवस. धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब (ऑक्सिमीटरचा टक्का नव्हे) ७० मिमीखाली असेल तर प्रेडनिसोलोन ४० दिवसातून दोनदा ५ दिवस, ४० एकदा ५ दिवस, २० एकदा ११ दिवस. पोटॅशियम इथे वाढतं, ॲम्फोटेरिसिनमध्ये घटतं. एकाच रुग्णाला दोन्ही चालू असतील तर पोटॅशियम अंदाजाने देऊ नका, मोजूनच द्या.

---

औषधनिर्माता

कोट्रायमोक्झॅझोलने पुरळ आलं की लोक कायमचं बंद करतात. नुसतं पुरळ असेल, तोंडात फोड, ताप किंवा साल निघणं नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्याथोड्या डोसाने पुन्हा सवय लावता येते. ते जमलंच नाही तर डॅप्सोन १००, पण आधी रक्तातलं जी६पीडी हे विकर तपासून. आणि बंद कधी करायचं हेही कार्डावर लिहा. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीडी४ ३५०च्या वर सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा आला पाहिजे.

---

सूक्ष्मदर्शी

मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर काय हवं, ते लॅबच्या नजरेतून: सीडी४ आणि त्याची तारीख, लॅम व क्रॅगचा निकाल टायटरसह, पाठीचं पाणी काढलं असेल तर सुरुवातीचा दाब सेंटिमीटरमध्ये, पहिल्या प्रतिजैविकाची किंवा ॲम्फोटेरिसिनची वेळ, आणि एआरटी चालू आहे, थांबवली आहे की सुरूच केलेली नाही. हे नसेल तर वरच्या रुग्णालयात सगळं पुन्हा शून्यापासून होतं आणि त्यात दोन दिवस जातात. सह्यगिरी, ही यादी मूळ धाग्यात वर टाकता आली तर पाहा, प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल.